बॉनेटवरचे चार वाफे

निर्णय न घेणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण निर्णय न घेण्यासाठी इतके अपार कष्ट उपसणारा माणूस मी एकच पाहिला, आणि गेली सहा वर्षं मी त्याच्याच घरात भाड्यानं राहते आहे. हिंजवडीजवळच्या मारुंजीतले माझे हे घरमालक म्हणजे साठीला टेकलेले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून दिवसभर स्वतःच्याच बिल्डिंगच्या पायरीवर पाहुण्यासारखे बसणारे गृहस्थ. बिल्डिंग तीन मजली आहे, खोल्या बारा आहेत, आणि तिला नाव नाही. नावासाठी दर्शनी भिंतीवर सिमेंटची चौकट काढलेली आहे, तिला महिरप आहे, वर दिवा आहे. फक्त आत अक्षरं नाहीत, कारण सुचलेल्या तीन नावांपैकी कुठलं ठेवायचं हे बिल्डिंग बांधून झाल्यापासून ठरायचं आहे. जेवणाचं पार्सल आणणारे फोनवर पत्ता विचारतात तेव्हा आम्ही बाराही भाडेकरू 'नाव नसलेली बिल्डिंग' असं सांगतो आणि ते बिनचूक दारात येतात. हे मालकांच्या कानावर गेलं तेव्हा ते समाधानानं म्हणाले, "बघा म्याडम, म्हंजे नाव नसल्यानं काय अडलं व्हय?"

त्यांचा एक प्रश्न साऱ्या मारुंजीत प्रसिद्ध आहे: "लिहून देता का?" कलिंगडवाला म्हणाला, आतून लालभडक निघेल, लिहून देता का? डॉक्टर म्हणाले, तीन दिवसांत खोकला जाईल. लिहून देता का? बोअरची जागा ठरवायला त्यांनी एकाच दिवशी तीन पाणाडे बोलावले. एकानं तळहातावर नारळ उभा केला, दुसऱ्यानं कडुलिंबाची बेचकी धरली, तिसऱ्यानं पिशवीतून कसलंसं यंत्र काढलं, आणि तिघांनी तीन जागा दाखवल्या. मालकांनी तिघांकडेही लिहून मागितलं. तिघेही चहा न घेता निघून गेले आणि आम्ही आजतागायत टँकरच्या पाण्यावर आहोत.

माझं काम हिंजवडीत आहे. दुसऱ्यांनी बनवलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या आणि त्या त्यांना सभ्य भाषेत कळवायच्या. थोडक्यात, कुचकटपणाचा मला पगार मिळतो. त्यामुळे मालकांनी आणि मी एकमेकांना फार लवकर ओळखलं. ते प्रत्येक गोष्टीत खोट काढतात म्हणून घेत नाहीत आणि मी प्रत्येक गोष्टीत खोट काढते म्हणून मला कंपनीत ठेवून घेतात, एवढाच काय तो फरक.

तर दोन दसऱ्यांपूर्वी या माणसानं गाडी घेतली. कशी घेतली हे मला अजून कळलेलं नाही. काकूंचं म्हणजे मालकिणीचं मत असं, की शोरूममध्ये पांढऱ्या रंगाची एकच शिल्लक होती, निवडायला दुसरी नव्हती, म्हणून जमलं. गाडी शोरूमचा ड्रायव्हर आणून सोडून गेला आणि तिला मागच्या गोठ्यात, जिथे पूर्वी दोन म्हशी असायच्या तिथे, जागा मिळाली. खाली फरशी, वर नवा पत्रा, अंगावर दुपट्यासारखं मऊ कव्हर. म्हशी होत्या तेव्हा त्यांचं इतकं कौतुक कधी झालं नव्हतं.

आता या गाडीला एक देणं लागू होतं, पैशाचं नव्हे, शब्दाचं. मालकांची थोरली बहीण जवळच्याच रिहे गावात दिलेली. तिला सगळेच आक्का म्हणतात. आई लवकर गेल्यामुळे मालकांना आक्कांनीच काखेत घेऊन वाढवलेलं. रस्त्याकडेची जमीन बिल्डरला विकायची ठरली तेव्हा हक्कसोडीच्या कागदावर सही करायला आक्का आल्या, मुकाट्यानं सही केली आणि उठताना म्हणाल्या, "मला काय बी नगं. गाडी घेशील तवा पयलं कुकू माज्या हातचं. अन् पयली चक्कर आपल्या खाचराकडं." खाचर म्हणजे भाताचं शेत. उंच इमारतींच्या मागे मालकांचं आता तेवढं एकच उरलंय. मालकांनी मान हलवली. त्या एकाच वेळी त्यांनी कुणाकडून काही लिहून मागितलं नाही, आणि आक्कांनीही त्यांच्याकडून लिहून घेतलं नाही. तिथेच चुकलं.

कारण मालकांना कुणीतरी सांगितलं की कुंकवानं गाडीचा रंग डागाळतो. तेलात कालवलेलं कुंकू असेल तर फारच. नारळाचं पाणी उडालं तर त्याचेही ठिपके राहतात. झालं. रंगावर आधी काहीतरी संरक्षक लेप दिल्याशिवाय कुंकू लावायचं नाही, हा मालकांचा नियम. पूजा झाल्याशिवाय घरच्या कुणी गाडीत बसायचं नाही, हा काकूंचा नियम. आणि लेप कुठला द्यायचा ते मालक ठरवणार. म्हणजे गाडी गोठ्यातून निघण्याचा प्रश्नच मिटला. बॅटरी उतरू नये म्हणून ते रोज सकाळी गाडी सुरू करत, पण काकूंचा नियम मोडायला नको म्हणून दार उघडं ठेवून, एक पाय जमिनीवर आणि अर्धं अंग बाहेर, अशा अवस्थेत. दहा मिनिटं ते तसे अधांतरी बसून राहत आणि मग किल्ली काढून हात धुऊन चहाला येत.

लेपांचा अभ्यास सुरू झाला तो पौडच्या बाजारातून. तिथे एका मुसलमान कुटुंबाचं गाड्यांच्या सुट्या भागांचं जुनं दुकान आहे, आणि गल्ल्यावर बसणारे चाचा मालकांचे शाळूसोबती. चाचांनी कपाटातून वॅक्सची चपटी डबी काढली. "मेन हाय. फडक्यानं लावायचं, पुसायचं, फिरायचं. दोन म्हयन्यानं परत लावायचं." मालकांनी विचारलं, दोन महिन्यांनी का? चाचा म्हणाले, उन्हानं, पाण्यानं उतरतं. मग जास्त टिकणारं काय? चाचांनी सीलंटची बाटली काढली. हे कारखान्यात बनवलेलं, सहाएक महिने राहतं, चकाकी काचेसारखी, पण वॅक्सची ती तुपाळ झाक हिला नाही. मालकांनी डबी आणि बाटली दोन्ही हातांत घेऊन तासभर वजन केलं. शेवटी चाचा म्हणाले, "अरं बाबा, दोन्ही घिऊन जा, पर गाडी भायेर काढ. नवी नवरी माजघरात कोंडून ठिवल्यागत चाललंय तुजं." मालकांनी दोन्ही नेलं आणि गाडी बाहेर काढली नाही.

मग हिंजवडीतला कोटिंगवाला सापडला. काळा टी-शर्ट, हातांत निळे मोजे, काचेच्या खोलीत पन्नास दिवे, आणि त्याखाली एखादं ऑपरेशन चालावं तशी एक गाडी. मला दुभाषी म्हणून नेलं होतं. तो म्हणाला, "अंकल, सिरॅमिक है, काँच जैसा हार्ड. दो-तीन साल टेन्शन नहीं." मालकांनी मला विचारायला सांगितलं, म्हशीनं शिंग घासलं तर? तो म्हणाला, स्क्रॅच नहीं रुकेगा, धूल और दाग रुकेगा. मालकांनी विचारलं, आणि लावताना चुकलं तर? तर मशीननं घासून काढावं लागेल, तो प्रामाणिकपणे म्हणाला. "लिहून देता का?" याचं भाषांतर मी केलं नाही.

परतताना, कंपन्यांच्या कॅबच्या गर्दीत आमची मोटारसायकल तासभर अडकली होती तेव्हा, मागे वळून मालकांनी मला आपला निष्कर्ष ऐकवला. "म्याडम, वॅक्स म्हंजे भात. लावा, काडा, परत लावा. सीलंट म्हंजे ऊस. अन् कोटिंग म्हंजे कलमी आंबा. येकदा लावला की लावला. आता आंबा चुकला तर उपटायचा कसा?" मला हे वर्गीकरण इतकं आवडलं की मी ऑफिसात दोघांना सांगितलं. पुढे काय लावायचं ठरलं, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ठरलं असतं तर तुम्हाला सांगण्यासारखं काय उरलं असतं?

एक गोष्ट सांगायची राहिली. गाडी पांढरी. पांढऱ्या रंगावर वॅक्स आहे, सीलंट आहे की नुसतं पाणी मारलंय, हे दोन हातांवरून भल्याभल्यांना ओळखू येत नाही. जी चकाकी दिसणारच नव्हती तिच्यासाठी मालक वर्षभर झुरत होते. आम्हा भाडेकरूंच्या टाकीत टँकरचं पाणी यायचं, आणि गाडीला, पाण्याचे डाग पडू नयेत म्हणून, स्वयंपाकघरातल्या फिल्टरचं. बारा भाडेकरूंनी एकदा मिळून तक्रार केली तेव्हा मालक दुखावल्या स्वरात म्हणाले, "तुमच्यावर डाग पडत्यात व्हय?"

भाऊबीज आली. मालक ओवाळून घ्यायला रिह्याला गेले ते जुन्या मोटारसायकलवरून. आक्कांनी ताट खाली ठेवून विचारलं, गाडी कुठाय? मालक म्हणाले, लेप राहिलाय. आक्कांनी ओवाळलं आणि डबाभर करंज्या गाडीसाठी म्हणून वेगळ्या दिल्या. त्या करंज्या आम्ही भाडेकरूंनी खाल्ल्या.

आणि इथे माझा गुन्हा येतो. पुढच्या ज्येष्ठात, पाचव्यांदा तीच चर्चा ऐकून माझं डोकं उठलं होतं. मी म्हटलं, "काका, भाताचं नवं बियाणं आलं की तुम्ही काय करता?" ते म्हणाले, आधी चार वाफ्यांत चार वाण लावून बघतो, एक खरीप जाऊ देतो, मग ठरवतो. "मग करा की तेच," मी म्हटलं. मी टोमणा मारला होता. माझे टोमणे ऑफिसात कुणी मनावर घेत नाही, त्यामुळे हा कुणी घेईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हा पाच भाडेकरूंना गाडी ढकलत अंगणात उघड्यावर आणायला लावलं गेलं. मालकांनी रोपं लावायची दोरी ताणून बॉनेटचे मापून चार भाग केले, मधे जाड चिकटपट्टीचे बांध घातले. एका वाफ्यात वॅक्स, तेही दर दोन महिन्यांनी नव्यानं, दुसऱ्यात सीलंट, तिसऱ्यात हिंजवडीच्या त्या माणसाला बोलावून कोटिंग. पाव बॉनेटचं कोटिंग आपण आयुष्यात पहिल्यांदाच केलं, असं तो जाताना मला सांगून गेला. चौथा वाफा कोरा. "त्यात काय?" मी विचारलं. "काय बी न्हाई. नुसत्या जमिनीत काय व्हतंय ते बी कळाय पायजे," मालक म्हणाले. आमच्या कंपनीत हे समजावायला बाहेरून माणूस बोलावतात.

मग आठ महिने कव्हराखाली जपलेली गाडी मालकांनी स्वतःच्या हातानं पावसाळ्यात उघडी टाकली. छत्री घेऊन ते बॉनेटपुढे उकिडवे बसत. कुठल्या वाफ्यातलं पाणी थेंब होऊन पळतं, कुठलं पसरतं, हे कॅलेंडरच्या चौकोनांत पेन्सिलीनं लिहून ठेवत. कबुतरांवर पूर्वी ते दगड घेऊन धावायचे. आता कबुतरानं चारही वाफ्यांत सारखं योगदान द्यावं म्हणून वाट पाहत बसायचे. एकदा ते योगदान नेमकं सीलंटमध्येच पडलं तर म्हणाले, "ह्ये काय बरोबर न्हाई. बाकीच्या तिगांची परीक्षा ऱ्हायली."

आषाढातल्या एका दुपारी काकू पायरीवर तांदूळ निवडत होत्या. सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "ताई, आक्कांच्या डोळ्यांचं कळलं का? काचबिंदू हाय म्हने. गेलेली नजर माघारी येत न्हाई. उरलेली किती दिस टिकंल ते डाक्टरला बी सांगता येईना." मग जरा थांबून म्हणाल्या, "त्यास्नी आपल्या डोळ्यांनी गाडीला कुकू लावायचं व्हतं." मी तशीच अंगणात गेले आणि म्हटलं, "काका, पुरे झालं. कुठलं तरी एक लावा आणि आक्कांना घेऊन या." ते बॉनेटवरची सुटलेली पट्टी अंगठ्यानं दाबून बसवू लागले. बोलले तेव्हा आवाज नेहमीचा नव्हता. "आता पीक अर्ध्यावर आलंय. दसऱ्याला निकाल लागतोय. तिच्या हातनं डाग पडला, तिनं गाडी नासवली असं कुनी म्हनाय नगं, म्हनून तर ह्ये समदं." मला त्यांचा भयंकर राग आला. आणि ते पीक लावायला सांगणारी मीच होते, याचा त्याहून जास्त.

दसऱ्याच्या सकाळी मारुंजीत टेम्पो, रिक्षा, जेसीबी, दुचाक्या, सगळ्यांना झेंडूच्या माळा चढल्या होत्या. आमच्या अंगणात तेवढी एक पांढरी गाडी पट्ट्या लावून बोडकी उभी. मालक कॅलेंडर घेऊन शेवटची बेरीज करत होते, आणि तीन वाफ्यांना जवळजवळ सारखेच गुण पडले होते. म्हणजे निवड जिथल्या तिथे. इतक्यात रिह्याचा एक भाजीचा टेम्पो थांबला आणि शेजाऱ्याचा हात धरून आक्का उतरल्या. हातात पिशवी. वाट बघून बघून त्या स्वतःच आल्या होत्या.

"कुटं हाय तुजी गाडी?" त्या म्हणाल्या. गाडी समोरच होती, सहा हातांवर. आक्का हात पुढे करून चालत आल्या आणि बॉनेट लागलं तशा थांबल्या. पत्र्यावरून हात फिरवताना बोटांना चिकटपट्टी लागली. "ह्ये काय रं? बांध घातलेत व्हय?"

"वाफे हायेत आक्का," मालक म्हणाले.

"गाडीवर भात लावलास?" आक्का हसल्या. मग पिशवीतून त्यांनी वाटी काढली. तेलात कालवलेलं कुंकू, लालभडक. बोट बुडवून त्या म्हणाल्या, "पांढरं पांढरं दिसतंय मला. मदोमद कुटं येतं तेवडं सांग."

मी मालकांकडे पाहिलं. वर्षभराचा अभ्यास, दोन दुकानं, एक पावसाळा, आणि निकाल हातात असूनही निर्णय नाही. आता ते काहीतरी कारण सांगणार, याची मला खात्री होती. त्यांनी कॅलेंडर जमिनीवर ठेवलं, पुढे होऊन आक्कांचं मनगट धरलं आणि चारही बांध मिळतात नेमक्या त्या ठिकाणी त्यांचं बोट टेकवलं. "हितं," ते म्हणाले. आक्कांनी तिथून सावकाश स्वस्तिक काढलं. ते जरा तिरकं आलं, आणि त्याचा एकेक हात एकेका वाफ्यात गेला.

मग नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि मालकांनी पहिल्यांदाच दोन्ही पाय आत घेऊन दार लावलं. आक्का पुढे बसल्या, काकू आणि मी मागे. पट्ट्यांसकट गाडी निघाली. कोपऱ्यावर सिमेंटच्या मिक्सरनं दाराला चिखल उडवला, तरी मालकांची मान वळली नाही. इमारतींच्या मागे खाचराच्या बांधाला गाडी लावली. आक्का काच खाली करून कितीतरी वेळ बघत होत्या. "पिवळं दिसाय लागलंय," त्या म्हणाल्या. "लोंब्या भरल्या व्हय?" मालक म्हणाले, भरल्या.

आठवड्यानं मालकांनी गाडी धुतली आणि मला हाक मारली. "म्याडम, निकाल लागला." वॅक्स, सीलंट, कोटिंग, तिन्ही वाफ्यांतले कुंकवाचे हात पाण्यासरशी निघून गेले होते. कोऱ्या वाफ्यात मात्र एक फिकी गुलाबी रेघ राहिली होती, टोकाशी वळलेली. मालक त्या रेघेसमोर उकिडवे बसले. मग म्हणाले, "ह्या तिगांत सगळ्यात जास्त काय टिकतं म्हनला व्हता तो?" हा प्रश्न मी वर्षभर ऐकत होते. त्या दिवशी तो मला पहिल्यांदाच वेगळा ऐकू आला.

हिंजवडीतल्या काचेच्या खोलीत त्या माणसानं रेघ पाहिली आणि मशीन उचललं. "ये तो दो मिनट में निकल जाएगा अंकल, फिर कोटिंग करते हैं." मालकांनी त्याचा हात धरला. "त्याला हात लावायचा न्हाई. त्याच्यावरनं लाव." मी भाषांतर केलं. त्याला वाटलं मी चुकले. त्यानं समजावलं की डागावर कुणी कोटिंग करत नाही, एकदा केलं की तो दाग आत बंद होईल, बरसों वैसा ही रहेगा, कभी नहीं निकलेगा. मालक त्याच्याकडे रोखून बघत म्हणाले, "लिहून देता का?" या वेळी मी भाषांतर केलं. त्या बिचाऱ्यानं बिलाच्या पाठीवर तसं लिहून खाली सही केली, आणि मी गाडीचा दरवाजा उगाचच पुसत उभी राहिले, कारण मला रडू येत होतं आणि दोघांपैकी कुणालाही ते दिसायला नको होतं.

आक्कांची उरलेली नजर त्या थंडीतच गेली. आता फक्त उजेड आणि अंधार कळतो. बिल्डिंगच्या चौकटीत अजून नाव नाही, टँकर येतोच आहे, आणि मालक सध्या पायरीच्या फरशीसाठी दोन दगडांतून एक निवडतायत, त्यामुळे आम्ही सगळे उखडलेल्या पायरीवरून उडी मारून घरात जातो. पण दर महिन्याला ते रिह्याला जाऊन आक्कांना गाडीनं घेऊन येतात. उतरल्या की आक्का आधी बॉनेटवर हात फिरवतात. कोटिंगखालचा पत्रा गुळगुळीत, बोटाला काहीच लागत नाही. "हाय का रं अजून?" त्या विचारतात. मालक त्यांचं बोट धरून त्या रेघेवर ठेवतात आणि म्हणतात, हाय.

"जायाची न्हाई न्हवं?"

"न्हाई जायाची," मालक म्हणतात. "लिहून घेतलंय."